कान माझे, बॅटरी त्यांची

९ जानेवारी २०२५

ही वही आजपासून फोनसाठी. किशोर तायडेच्या दुकानातून आणलेला बिनवायरचा फोन पंधरा दिवसांत दगा देऊ लागला. आज जयस्तंभ चौकापर्यंत ऑटोने जाऊन किशोरला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, काय काय होते ते तारीख-टाइम टाकून लिहून ठेवा. कंपनीले पुरावा लागते." एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या मी. हा कालचा पोरगा मला शिकवतो. पण सांगतो ते बरोबर आहे.

डिसेंबरात मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना हॉलमधला फोन वाजला, धावत आले आणि उंबऱ्याला अडखळून मनगट मोडून घेतलं. पुण्याहून योगेश म्हणाला, आई, आता तरी मोबाइल वापर. त्याने दिलेला मोबाइल कपाटात साड्यांच्या खाली आहे. त्यातून माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. मला माझा घरचा नंबर हवा आणि कानाला नीट बसणारा रिसीव्हर हवा. म्हणून हा फोन घेतला. हातात घेऊन अंगणापर्यंत जाता येतं. जुना डबा किशोरने बदल्यात ठेवून घेतला.

तक्रार एक: खोक्यावर बोलण्याचा वेळ दहा तास छापला आहे. रात्रभर चार्जिंगला ठेवूनही अठरा मिनिटांत पडद्यावर बॅटरीचं चित्र लुकलुकतं आणि फोन बंद पडतो.
तक्रार दोन: आवाज साफ नाही. समोरचा तोंडात कापूस धरून बोलतो आहे असं वाटतं.

१३ जानेवारी

४ वाजता नसीमचा फोन. ४.१७ ला बंद.

नसीमबानो अकोल्याच्या ताजनापेठेत राहते. १९७६ साली आम्ही दोघी एकाच दिवशी अकोला एक्सचेंजला लागलो. बाहेरगावचे फोन जोडायच्या ट्रंक बोर्डवर शेजारी शेजारी खुर्च्या. मी लग्न होऊन अमरावतीला बदलून आले, तरी रोज चारला एकमेकींशी बोलणं चुकलं नाही. तिचे गुडघे गेले, मालक गेले, माझेही गेले, चारचा फोन राहिला. आमचे साहेब म्हणायचे, बिघडलेल्या लाईनवरून फक्त वच्छला देशमुखला ऐकू येतं. पावसाळ्यात मुंबईची लाईन नुसती खरखर करायची, त्यातून मी नंबर उचलायची.

आणि आज कानाला लावलेल्या रिसीव्हरमधून नसीमचा आवाज येत नाही. कंपनीला लाज वाटली पाहिजे.

१८ जानेवारी

४.०१ ते ४.१९. आवाज फारच खराब. नसीम बराच वेळ घराबद्दल बोलत होती. नईमने, म्हणजे तिच्या मुलाने, कोणाला तरी दाखवलं म्हणे. शेवटी एवढं कळलं, "घर टिकून राहिलं." जुनं घर आहे, भिंतीला भेग होती, इंजिनिअरला दाखवलं असेल. मी म्हटलं, "बरं झालं माय. देवाची कृपा." मी तिला माझ्या कढीपत्त्याला कीड लागल्याचं सांगत होते, तेवढ्यात बंद पडला.

२४ जानेवारी

चार दिवस झाले, चारला फोन नाही. मीच लावते तर नगमा, तिची सून, उचलते आणि काहीतरी पुटपुटून ठेवते. आजकालच्या मुली ओठच उघडत नाहीत. योगेशही तसाच, काहीतरी खात खात बोलतो.

गॅसवाला "घर बंद" अशी चिठ्ठी टाकून गेला. मी हॉलमध्ये बसलेली. बेल न वाजवता चिठ्ठी टाकायची ही यांची नवी तऱ्हा. त्याच्या एजन्सीत जाऊन मॅनेजरला सुनावून आले. वरच्या खोलीत राहणारी पौर्णिमा, परीक्षेचे क्लास करते ती, म्हणाली की बेल तिला वर ऐकू आली होती. ती टीव्हीबद्दलही काही म्हणत होती. हसून म्हणाली, म्हणजे तिलाही ती मालिका आवडत असावी.

किशोरने कंपनीकडे तक्रार टाकली. माणूस येणार आहे.

४ फेब्रुवारी

कंपनीचा माणूस आला. स्वप्निल नाव. ध्वनिका कंपनीचा निळा शर्ट, खांद्याला पिशवी. फोन उघडला, बंद केला, स्वतःच्या मोबाइलवरून लावून पाहिला. म्हणाला, आवाज फर्स्ट क्लास आहे. मी म्हटलं, बॅटरीचं बघा, घड्याळ लावून बसा अठरा मिनिटं. त्याला पुढे धारणीला जायचं होतं म्हणे. बसला नाही. हिशोबाच्या कागदासारखा एक कागद भरला आणि सही करा म्हणाला.

सही करण्याआधी वाचायची सवय नोकरीने लावली आहे. लिहिलं होतं, "उपकरण निर्दोष. ग्राहकास कमी ऐकू येते."

मी तीनदा वाचलं. मग विचारलं, हे कोणी ठरवलं. तो खाली बघून पिशवी आवरत काही बोलला, ते कळलं नाही. मी म्हटलं, "बॅटरीचं काय लिहिलं?" तर म्हणाला, आजी, त्याचा वेगळा रकाना नाही.

सही केली नाही. कागदाची प्रत मात्र मागून घेतली. दारातून जाताना त्याने वळून परत काहीतरी सांगितलं. चेहऱ्यावरून माफी मागत असावा. माफी त्याने कशाला मागायची, त्याच्या साहेबाने मागावी.

५ फेब्रुवारी

झोप नाही. मला कमी ऐकू येतं! ज्या बाईने एकतीस वर्षं कानाची भाकरी खाल्ली तिला हे छापील कागदावर लिहून देतात. ठरलं. सोडणार नाही.

योगेशला फोनवर सांगितलं. तो म्हणाला असावा, जाऊ दे आई, मी दुसरा घेऊन देतो. दुसरा नको आहे मला.

१७ फेब्रुवारी

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. वकील नाही. अर्ज स्वतः लिहिला, सहा पानं, पौर्णिमाने टाईप करून दिला. कारकुनाने विचारलं, बाई, एवढ्याशा फोनसाठी? मी म्हटलं, "एवढासा तुमच्यासाठी आहे. माझं दिवसभराचं बोलणं त्याच्यात आहे."

एक गोष्ट टोचते. सामनेवाल्यांत कंपनीबरोबर विकणाऱ्याचंही नाव घालावं लागतं, म्हणजे किशोरचं. त्याला जाऊन आधी सांगितलं. तो बराच वेळ काउंटर पुसत राहिला. मग म्हणाला, "टाका मावशी. पण मले माल देनाऱ्या डीलरचे माह्यावर डोळे राह्यते, समजून घ्या." चहा मागवला, स्वतः घेतला नाही.

नसीमचा अजून फोन नाही. असला फोन असल्यावर ती तरी काय करील. उद्या-परवा एसटीने अकोल्याला जाऊन येते.

२२ फेब्रुवारी

अकोल्याहून आले. जे झालं ते जसंच्या तसं लिहायचं आहे, नाहीतर उद्या मीच बदलून लिहीन.

नगमाने दार उघडलं. हॉलमध्ये खोकी बांधलेली. भिंतीवर नुसते खिळे, फोटो काढलेले. नसीम पलंगावर पाय पसरून बसली होती. मला बघून उठली नाही. मी विचारलं, हे काय, रंग काढता का घराला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवी खाली ठेवायची विसरले.

"म्या तुले सांगतलं ना वच्छे," ती म्हणाली. "घर इकून राहिलो. नईमने नागपूरले फ्लॅट घेतला, रमजानच्या आधी जाऊन राहिलो. रडत सांगतलं म्या. आन् तू म्हणली, बरं झालं, देवाची कृपा. मग कढीपत्ता सांगत बसली."

इकून, म्हणजे विकून. मी टिकून ऐकलं होतं.

मी म्हटलं, फोन खराब आहे नसीम, मी केस टाकली आहे, बॅटरी अठरा मिनिटांत जाते. भराभरा सगळं सांगितलं, कागदसुद्धा दाखवला. तिने कागद वाचला, घडी करून परत दिला आणि काठी टेकत माझ्या मागे गेली. मला वाटलं पाणी आणायला गेली असेल. मी खोक्यांकडे बघत बसले. बराच वेळ झाला म्हणून वळून पाहिलं तर ती हातभर अंतरावर उभी होती. तोंडावर ओढणी धरलेली. ओढणी हलत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

बोर्डवर नवीन मुलगी आली की तिचा कान तपासायला आम्ही पाठीमागून नंबर म्हणायचो. नसीम नंबर म्हणत होती. मला पंख्याची घुमघुम तेवढी येत होती.

तिने ओढणी खाली घेतली. "चौदा नंबर म्हणले म्या. कवापासून माह्या तोंडाकडे पाहून ऐकून राहिली तू?"

मला माहीतच नव्हतं.

मग ती शेजारी बसली. आम्ही दोघी जेवलो. ती समोर बसून सावकाश बोलली आणि मी तिच्या ओठांकडे बघून सगळं ऐकलं, महिनाभराचं. घर विकायचं तिच्या मनात नव्हतं. गुडघ्यांनी जिना चढवत नाही आणि नईमची नोकरी तिकडे. ती मला म्हणाली की तुझ्यावर रागवले होते, आता कोणावर रागवू. निघताना तिने नागपूरचा पत्ता लिहून दिला. कागदावर.

२३ फेब्रुवारी

गॅस एजन्सीत जाऊन त्या चिठ्ठीवाल्या माणसाची माफी मागितली. तो गोंधळला. आज बाकी काही लिहीत नाही.

४ मार्च

राजापेठेजवळच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावला. हेडफोन डोक्यावर चढवताना हात आपोआप सवयीने बसला आणि रडू आलं. बाई थांबल्या. म्हणाल्या, घाई नाही.

दोन्ही कान. बारीक, उंच आवाज मला येतच नाहीत. स, श, च, ट, फ हे पोचत नाहीत, शब्दाचा नुसता सांगाडा येतो आणि उरलेलं मन भरून घेतं. सात-आठ वर्षांपासून चालू असेल म्हणाल्या. जुन्या डब्याची घंटा आणि आवाज मोठे होते, म्हणून फोनवर निभावत होतं. म्हणजे गेली सात-आठ वर्षं लोक काही बोलत होते आणि मी माझंच काही ऐकत होते. योगेश खात खात बोलत नव्हता.

योगेशला पौर्णिमाच्या मोबाइलवरून लिहून कळवलं. त्याने लिहिलं, आई, मी यायला निघतो, आणि आता ती केस मागे घे, कारण कंपनीचंच खरं ठरेल, चार लोकांत हसं होईल.

७ मार्च

तीन दिवस विचार केला. स्वप्निलने लिहिलं ते खरं निघालं. माझी अर्धी तक्रार खोटी ठरली. मग उरलेली अर्धीही टाकून द्यायची का?

आज फोन पूर्ण चार्ज करून पौर्णिमाला समोर बसवलं आणि घड्याळ लावलं. कानाचा काही संबंध नाही. ती बोलत राहिली, तिनेच ऐकलं. अठरा मिनिटं. बॅटरीला ठाऊक नाही की फोन बहिऱ्या बाईच्या हातात आहे की चांगल्या कानाच्या पोरीच्या.

१४ मार्च

आठ दिवस तेच केलं. १८, १९, १७, १८, १८, १७, १८, १७. प्रत्येक नोंदीखाली पौर्णिमाची सही. मग फोन खोक्यात घातला, चिकटपट्टी लावली, तिच्यावर दोघींच्या सह्या. आता हा पुरावा आहे, वापरायचा नाही.

केस मागे घेत नाही. योगेश आला होता, दोन दिवस राहून गेला. समोर बसून, हळू बोलत. शेवटी वैतागून म्हणाला, तुला कोणाशी काय सिद्ध करायचं आहे? मी त्याला सांगितलं, ज्या कागदावर माझ्या कानाचं लिहून बॅटरी लपवली, तो कागद मला पुरा करून हवा आहे. त्याला पटलं नाही. पण जाताना अर्जाच्या प्रती काढून आणून दिल्या.

२१ एप्रिल

कानाची मशीन आली. डॉक्टरीणबाईंनी केसांत लपणारी दाखवली. मी म्हटलं, दिसणारी द्या. चष्मा मी लपवत नाही.

पहिले दोन दिवस डोकं उठलं. भांडी किंचाळतात. माझी स्वतःची चप्पल एवढी वाजते हे ठाऊक नव्हतं. पौर्णिमाला विचारलं, टीव्हीबद्दल तू तेव्हा काय म्हणाली होतीस. ती म्हणाली, "आजी, बारीक करा म्हणली होती. अभ्यास होत नव्हता." दोन वर्षं सहन केलं पोरीने.

नसीमचं पत्र आलं. नागपूरचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, खिडकीतून दुसऱ्यांची खिडकी दिसते. शेवटी लिहिलं आहे, मोबाइलवरून बोल ना. मी उत्तर टाकलं की मशीनच्या वरून मोबाइल अजून नीट धरता येत नाही आणि मला चारला आपल्या नंबरावरूनच बोलायचं आहे, जरा थांब. हट्टी म्हणेल. म्हणू दे.

२४ जून

आज सुनावणी. एप्रिलची तारीख नुसती पुढे गेली होती.

कंपनीचे वकील नागपूरहून आले. त्यांनी स्वप्निलचा कागद वाचून दाखवला आणि म्हणाले की तक्रारदार वृद्ध आहेत, त्यांना श्रवणदोष आहे, त्यामुळे उपकरणाबद्दल गैरसमज झाला. माझ्या हातात डॉक्टरांचा आलेख होता. ते मागणार होते, त्याआधी मी स्वतःच पुढे केला. अध्यक्षांनी विचारलं, तुम्ही हे मान्य करता? घरून शुद्ध बोलायची तयारी करून गेले होते, पण तोंड उघडलं आणि आपलंच आलं.

"मान्य आहे साहेब. मले कमी ऐकू येते. आवाजाची तक्रार मी वापस घेते, थे चूक माही होती. त्या पोराने लिहिलेलं वाक्य खोडू नका, खरं आहे थे. पण त्याच्या खाली दुसरं वाक्यही लिहा. बॅटरी अठरा मिनिटांत बंद पडते. थे मी कानाने नाई पाहिलं, घड्याळात पाहिलं."

वकील म्हणाले, नोंदी घरच्या घरी केलेल्या आहेत, साक्षीदार भाडेकरू आहे. अध्यक्षांनी किशोरला विचारलं, विक्रेता म्हणून तुमचं काही म्हणणं? तो दोन नंबरचा सामनेवाला, माझ्या विरुद्ध बाजूच्या खुर्चीत बसलेला. उठला. हात मागे बांधले. मला वाटलं, संपलं. डीलरच्या भीतीने नाही म्हणणार आणि त्याला दोषही देता येणार नाही.

तो म्हणाला, "साहेब, या मॉडेलचे नऊ फोन इकले म्या. मावशी धरून पाच परत आले. पाचही बॅटरीचे. कंपनीले चार मेल टाकले, थे घ्या." आणि खिशातून कागद काढले. घामाने ओले झाले होते.

सगळं ऐकू आलं मला. एकेक अक्षर.

वकिलांनी बाहेर जाऊन फोन केला. आत येऊन म्हणाले, कंपनी बदलून द्यायला तयार आहे. मी म्हटलं, बाकीच्या चौघांनाही द्या. ते म्हणाले, इथे फक्त तुमची तक्रार आहे. अध्यक्षही तेच म्हणाले, कायद्याने. मग मी म्हटलं, ठीक आहे, त्यांचे अर्ज येतील, मीच लिहिणार आहे, वकीलसाहेबांना नागपूरहून अजून चार वेळा यावं लागेल. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. आदेशात दुसऱ्या मॉडेलचा नवा फोन, आणि कागद दुरुस्त करून द्यायचा असं लिहिलं.

बाहेर पायरीवर किशोरला विचारलं, आता डीलर काय करील? म्हणाला, "पाहू. दुसऱ्या कंपनीचेही फोन राह्यते दुनियेत." चेहरा मात्र उतरला होता. हे मी विसरता कामा नये. माझ्या हट्टाचं ओझं त्याच्याही खांद्यावर आहे.

३ जुलै

दुरुस्त केलेला कागद पोस्टाने आला. दोन्ही वाक्यं एकाखाली एक. तो देवघराच्या बाजूला चिकटवला. पौर्णिमा म्हणाली, आजी, इथे? मी म्हटलं, इथेच.

चौघांपैकी दोघं आले. एक चांदूर बाजारचे खुशालराव, एक इथलीच नर्स. दोन्ही अर्ज आज लिहून झाले. तिसऱ्याला मी स्वतः जाऊन गाठणार आहे.

११ जुलै

नवा फोन जोडला. मशीनवर रिसीव्हर कसा धरायचा ते डॉक्टरीणबाईंकडून शिकून आले होते, कानाच्या किंचित वर. बरोबर चारला नसीमने पत्रात दिलेला नागपूरचा नंबर फिरवला. दोनदा चुकला.

नसीमने उचलला. हॅलो म्हणाली आणि थांबली. तिचा श्वास ऐकू येत होता. जरा दम लागल्यासारखा, गुडघे धरत उठून आली असणार. मागे कोणीतरी भांडं ठेवलं. मग नगमाचा आवाज आला, अगदी दबक्या स्वरात, सासूच्या कानाशी बोलत असावी. "अम्मी, जोर से बोलो. उनको सुनाई नहीं देता."

"नगमा," मी म्हटलं, "ऐकू आलं मले."

मग नसीम हसली. अकोला एक्सचेंजमध्ये ती अशी हसायची तेव्हा सुपरवायझर उठून यायचे. हसता हसता तिला खोकला लागला, नगमाने पाणी दिलं, तेही ऐकलं. मग ती म्हणाली, "सांग वच्छे, पहिल्यापासून सांग. आन् हळूच सांग, मले काही घाई नाई."